मालवाहू जहाजातून प्रवासी म्हणून कसे जावे

सर्वप्रथम ठरलेल्या तारखेचा आग्रह सोडावा. जहाज मालासाठी धावते, त्यामुळे निघण्याचा दिवस पुढे जातो आणि एखादे बंदर ऐनवेळी वगळलेही जाते. घरी लग्नकार्य असेल तर त्याच्या तोंडावर हा प्रवास ठरवू नये, आणि परतीचे विमान तिकीट तारीख बदलता येईल असेच घ्यावे.

त्यानंतर मालवाहू जहाजांचे आरक्षण करणाऱ्या एजंटशी संपर्क साधावा. 2020 च्या साथीत अनेक कंपन्यांनी प्रवासी घेणे बंद केले असल्याने सध्या कोणता मार्ग खुला आहे, हे आधी विचारावे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बारापेक्षा अधिक प्रवासी नेणारे जहाज प्रवासी जहाज ठरते. म्हणून मालवाहू जहाजावर जास्तीत जास्त बाराच प्रवासी घेतात आणि तेथे सहसा डॉक्टर नसतो. वैद्यकीय प्रमाणपत्र, वयोमर्यादा आणि समुद्रातून रुग्णास हलवण्याचा खर्च देणारा विमा या अटी त्यामुळेच असतात. त्यांना केवळ कागदी सोपस्कार समजू नये.

खरे कष्ट कागदपत्रांचे आहेत. आपल्या सीमाभागात एक दाखला कन्नडमध्ये तर दुसरा मराठीत असतो आणि रोमन लिपीत आडनाव दोन प्रकारे लिहिले जाते. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या प्रवाशाने ते पासपोर्टप्रमाणे आधी एकसारखे करून घ्यावे. व्हिसा प्रत्येक बंदराच्या देशाचा पाहावा. जहाज शेंगेन देशातून (एकाच सामायिक व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून) ब्रिटनला जाऊन पुन्हा शेंगेन बंदरात येणार असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. आफ्रिकेचा मार्ग असल्यास पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी.

सामान स्वतःला उचलता येईल एवढेच असावे, कारण जहाजाची शिडी उभी आणि हलती असते. शेंगदाण्याची चटणी बरोबर असावी. मात्र युरोपीय संघात दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई असल्याने कुंद्याचा डबा घरीच राहू द्यावा. शाकाहारी असल्यास आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे.

कंटेनर टर्मिनलमध्ये मोकळेपणाने चालता येत नाही. एजंटने सांगितलेल्या फाटकावर पासपोर्ट दाखवून टर्मिनलच्या वाहनानेच जहाजापाशी जावे. जहाजावर चढल्यावर सुरक्षा कवायत मन लावून करावी. बंदरात उतरण्यापूर्वी परतण्याची वेळ अधिकाऱ्याकडून विचारून घ्यावी आणि जहाज कोणासाठी थांबत नसल्याने स्थानिक एजंटचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावा.