पंप चालू असूनही दम लागतोय? मग गोळीचं काय करायचं

दम्यासाठी डॉक्टरांनी पंपासोबत (श्वासातून ओढायचं औषध, म्हणजे इनहेलर) गोळी लिहून दिली की बरेच जण पंप हळूच सोडून देतात आणि गोळीवरच राहतात, हे अगदी उलटं झालं. गोळी वरून जोडायची असते, पंपाच्या जागी नाही.

म्हणून आधी पंप तपासा. गेल्या महिन्याभरात आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा धाप लागली, रात्री खोकल्याने उठावं लागलं, लगेच आराम देणारा पंप सारखा काढावा लागला तर दमा कंट्रोलमधे नाही. पण बऱ्याचदा औषध कमी नसतं, घ्यायची पद्धत चुकलेली असते. दाबायचा पंप असेल तर हलवा, श्वास पूर्ण सोडा, मग दाबताना हळू लांब श्वास आत घ्या आणि १० सेकंद रोखून धरा. कॅप्सूलवाल्या मशीनमधे जोरात ओढायचं असतं, लोक नेमकं इथे हळू ओढतात. घेऊन झालं की कॅप्सूल उघडून बघा, पावडर उरली असेल तर परत ओढा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरा. आणि घोडबंदरला मेट्रोच्या कामाची धूळ रोज खाताय किंवा एपीएमसीच्या मसाला मार्केटमधे मिरचीच्या गोण्यांत काम करताय, तर ते पण डॉक्टरांना सांगा.

आता गोळ्या. सगळ्यात जास्त लिहिली जाते माँटेल्युकास्ट, मोठ्यांना १० मिलीग्रॅम, बहुतेक रात्री. सोबत नाकाची अ‍ॅलर्जी असेल तर हिचा जास्त उपयोग होतो. आपल्याकडे ती लेव्होसेट्रिझिन या अ‍ॅलर्जीच्या औषधासोबत एकाच गोळीत मिळते, त्याने झोप येते, सकाळी ठाणे-बेलापूर रोडला बाईक काढणाऱ्यांनी जपून. काहींना या गोळीने वाईट स्वप्नं पडतात, चिडचिड होते, मन उदास होतं, अगदी जीव द्यायचे विचारसुद्धा येतात, २०२० मधे अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) यावर सगळ्यात कडक इशारा दिलाय. घरच्यांना सांगून ठेवा कारण हा बदल आपल्याला कळायच्या आधी त्यांना दिसतो, आणि दिसला की लगेच डॉक्टरांना फोन.

थिओफिलिन ही श्वासनळ्या मोकळ्या करणारी जुनी गोळी, डोस थोडा वर गेला तरी उलटी, धडधड, फारच वाढला तर फिट येऊ शकते. हळू विरघळणारी गोळी चावायची किंवा तोडायची नाही. ती चालू असताना सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन घेतलं तर रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून ताप आला म्हणून केमिस्टकडून परस्पर अँटीबायोटिक नको. बिडी-सिगारेट सोडली तरी प्रमाण वाढतं (सोडाच, फक्त डॉक्टरांना कळवा, डोस बदलावा लागतो).

प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइडची गोळी, अटॅक आला की मोठ्यांना साधारण ५ ते ७ दिवस, सकाळी, काहीतरी खाऊन. डायबिटीस असेल तर साखर रोज बघा. जुनी चिठ्ठी दाखवून परत परत घेऊ नका, आराम पडतो म्हणूनच सवय लागते, आणि मग हाडं ठिसूळ, मोतीबिंदू, बीपी. बरेच आठवडे चालू असेल तर एकदम बंदही करायची नाही. वर्षात दोनदा कोर्स लागला तर छातीच्या डॉक्टरांकडे जा, आता गंभीर दम्यासाठी बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत, महाग आहेत पण विचारा तरी.

अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटीबायोटिक आठवड्यातून तीनदा असं काही महिने देतात, पण ते ईसीजी काढून आणि थुंकी तपासून, मनाने नाही.

बोलताना वाक्य पुरं होत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर गोळीची वाट बघू नका, लगेच आराम देणारा पंप मारत मारत थेट कॅज्युअल्टी गाठा, १०८ लावा.