न्यायालयाकडून पालकत्व कसे घ्यावे आणि कसे सांभाळावे

घरातले एखादे माणूस हयात असते, आरामखुर्चीत आपल्यासमोर बसलेले असते. परंतु पक्षाघाताने, स्मृतिभ्रंशाने किंवा जन्मापासूनच्या बौद्धिक अक्षमतेमुळे त्याला स्वतःचे व्यवहार पाहता येत नाहीत. निवृत्तिवेतन बँकेत पडून राहते, घरपट्टी थकते, भाटातले (नारळीच्या बागेतले) नारळ कोण पाडतो आणि पैसे कोणाकडे जातात हे कोणी विचारत नाही. अशा वेळी कायद्याने नेमलेला पालक लागतो. गोव्यातल्या कुटुंबांनी ही नेमणूक कशी मागावी आणि मिळाल्यावर ती जबाबदारी कशी निभवावी, हे माझ्या थोरल्या काकांच्या बाबतीत घरच्यांबरोबर मलाही शिकावे लागले. ते येथे क्रमाने लिहीत आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पुष्कळ घरांत 'मुखत्यारपत्र आहे, आता चिंता नाही' असे समजले जाते. काकांनी प्रकृती ठणठणीत असताना काकूंच्या नावे मुखत्यारपत्र करून दिले होते. स्मृती गेल्यानंतरही काकू त्याच कागदावर व्यवहार करीत राहिल्या. एके दिवशी बँकेतल्या अधिकाऱ्याने सहज विचारपूस केली, काकूंनी खरी परिस्थिती सांगितली, आणि त्याने हा कागद आता चालणार नाही असे नम्रपणे सांगितले. त्या दिवशी आम्हाला राग आला, पण त्याचे म्हणणे बरोबर होते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचे निधन झाल्यावर जसे ते संपते, तसेच त्याचे मन व्यवहाराला असमर्थ झाल्यावरही संपते. म्हणजे ज्या प्रसंगासाठी आपण ते जपून ठेवतो, नेमक्या त्याच प्रसंगी ते निरुपयोगी होते. भान हरपल्यानंतर अंथरुणाशेजारी बसून कागदांवर अंगठा उमटवून घेणे तर त्याहून वाईट; असा दस्त पुढे टिकत नाही आणि घेणाऱ्याच्या हेतूवर कायमचा संशय राहतो.

त्याच वेळी पालकत्वाची खरोखर गरज आहे का, हेही प्रामाणिकपणे तपासावे. हात चालत नाही पण बुद्धी शाबूत आहे, अशा माणसाला पालकाची गरज नसते. सही करू न शकणाऱ्या आजारी वा वृद्ध खातेदाराला अंगठ्याच्या, प्रसंगी पायाच्या अंगठ्याच्या ठशावर पैसे काढता येतात; तो ठसा बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखावा लागतो आणि त्यांपैकी एक जबाबदार बँक अधिकारी असावा लागतो, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तसेच मनोविकाराचे निदान झाले म्हणून माणूस आपोआप असमर्थ ठरत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये हे स्पष्ट शब्दांत म्हटलेले आहे की, सक्षम न्यायालयाने तसे जाहीर केल्याशिवाय केवळ आजारावरून कोणालाही विकलमनस्क (मनाने व्यवहाराला असमर्थ) धरू नये. बांबोळीच्या मनोरुग्णालयाची जुनी फाईल घरात आहे, एवढ्यावरून भावाचा व्यवहार करण्याचा हक्क काढून घेण्याचा विचार कोणी करू नये.

आता अर्ज कोठे करायचा, हा प्रश्न. त्याचे उत्तर आजाराच्या स्वरूपावर अवलंबून आहे, आणि चुकीच्या दारात उभे राहिल्यामुळेच बहुतेक महिने वाया जातात.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ आहे. त्याखाली पालक नेमणाऱ्या स्थानिक स्तरीय समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते, म्हणून चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करावी. आईवडिलांनी हे विशेष लक्षात ठेवावे: मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील म्हणून असलेला अधिकार संपतो. अठरावा वाढदिवस उलटून गेल्यावर बँकेच्या काउंटरवर हे कळण्यापेक्षा कागद आधी जमवलेले बरे.

इतर प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची सोय आहे. ते जिल्हा न्यायालय किंवा शासनाने नेमलेला अधिकारी देऊ शकतो. येथे पालकाने निर्णय एकट्याने घ्यायचा नसतो. त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून, ठरावीक कामापुरता व ठरावीक मुदतीपुरता घ्यायचा असतो. माणसाला थोडेसे जरी कळत असेल, तर हाच मार्ग मला सर्वांत न्याय्य वाटतो.

माणूस बेशुद्धावस्थेत असेल किंवा स्मृतिभ्रंश टोकाला गेला असेल, तर अडचण मोठी होते. मानसिक आरोग्य अधिनियम, १९८७ प्रमाणे जिल्हा न्यायालय चौकशी करून मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमत असे. २०१७ च्या कायद्याने तो कायदा रद्द झाला आणि मालमत्तेच्या व्यवस्थापनाची तरतूद नव्या कायद्यात आलीच नाही. पालक व पाल्य अधिनियम, १८९० तर केवळ अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलांसाठी आहे. ही पोकळी उच्च न्यायालयांनी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालील अधिकार वापरून भरून काढली आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बेशुद्धावस्थेतील रुग्णांसाठी कार्यपद्धती घालून दिली, आणि २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच स्थितीतील एका गृहस्थांच्या पत्नीला पालक नेमून तिच्या कारभारावर विधी सेवा प्राधिकरणाची देखरेख ठेवली. आपल्याकडे ही याचिका पर्वरी येथील खंडपीठासमोर करावी लागते. पोर्तुगीज नागरी संहिता, १८६७ मध्येही असमर्थ व्यक्तीच्या 'इंटरडिक्शन'ची, म्हणजे न्यायालयाने तिला व्यवहारास असमर्थ ठरवण्याची, तरतूद आहे; म्हणून गोव्यातला जुना कायदा जाणणारा वकील निवडावा आणि पहिल्याच भेटीत त्याचे मत या मुद्द्यावर घ्यावे.

केवळ उपचारासंबंधीचे निर्णय घ्यायचे असतील, तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे मानसिक आजार असलेली व्यक्ती साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. मात्र त्या प्रतिनिधीला पैशाअडक्याला हात लावता येत नाही. चालू दाव्यापुरती अडचण असेल, तर त्या दाव्यापुरता वादमित्र (त्या व्यक्तीच्या वतीने दावा चालवणारा) नेमून घेता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया आणि दिव्यांग व्यक्ती यांना मोफत विधी साहाय्य मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

अर्जासोबतच्या कागदांत सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय दाखला. 'रुग्ण असमर्थ आहे' एवढ्या एका ओळीवर समाधान मानू नये. माणसे ओळखतो का, शंभराच्या नोटेची किंमत कळते का, घर विकले म्हणजे काय होते हे सांगता येते का, सुधारणा होण्याचा संभव किती, हे मज्जाविकारतज्ज्ञाने किंवा मनोविकारतज्ज्ञाने लिहून द्यावे, अशी विनंती करावी. दुसरा कागद मिळकतीचा: बँक खाती, ठेवी, दागिने, समभाग, कर्जे, येणी. जमिनीसाठी फॉर्म एक-चौदाचे उतारे, शहरी भागात फॉर्म डी, कोमुनिदादीचा (गावच्या समाईक जमिनीच्या संस्थेचा) झोण, म्हणजे वार्षिक वाटा, मिळत असेल तर त्याची नोंद, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे मानधन येत असेल तर तेही. काहीही लपवू नये. पुढे बाहेर आलेली एक जुनी ठेव संपूर्ण अर्जावरचा विश्वास घालवते.

तिसरी गोष्ट नातेवाइकांची. गोव्यात मुलांचा वारसाहक्क सहजासहजी डावलता येत नाही, त्यामुळे प्रत्येक वारसाला या प्रकरणात रस असतो आणि तो असणे रास्तही आहे. सर्वांची नावे अर्जात घालावीत आणि शक्य तेथे संमतीची प्रतिज्ञापत्रे जोडावीत. एखादा भाऊ आखातात किंवा लंडनला असेल, तर तेथील भारतीय वकिलातीत सही साक्षांकित करून मागवावी. न विचारलेला भाऊ बहुधा मिळकतीसाठी भांडत नाही. आपल्याला विचारले नाही म्हणून भांडतो.

विवाहित जोडप्यांच्या बाबतीत आपला कायदा उर्वरित भारतापेक्षा वेगळा आहे, आणि पुण्या-मुंबईचे नातेवाईक देतात तो सल्ला येथे अपुरा पडतो. लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पतिपत्नीची मिळकत समाईक होते आणि प्रत्येकाचा त्यात अर्धा अविभक्त हिस्सा असतो. शिवाय स्थावर मिळकत, मग ती कोणाच्याही माहेरची वा वडिलोपार्जित असो, दोघांच्या संमतीशिवाय विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. याचा अर्थ असा की, पतीचे भान हरपले तर पत्नीला स्वतःच्या माहेरहून आलेला तुकडाही विकता येत नाही. म्हणून अर्जात दोन गोष्टी स्वतंत्र मांडाव्यात: पत्नीचा अर्धा हिस्सा तिचा स्वतःचा आहे, तो ती पालक म्हणून धारण करीत नाही, आणि पतीच्या संमतीच्या जागी सही करण्याचा अधिकार तिला हवा असल्यास तो नेमक्या मिळकतीचे वर्णन देऊन मागितलेला आहे.

अधिकार मागताना गरजेपुरताच मागावा. 'सर्व प्रकारचे सर्व व्यवहार' असे लिहिण्याचा मोह होतो, वकीलही तसा मसुदा देतात. परंतु निवृत्तिवेतन काढणे, उपचाराचा खर्च करणे, एक ठेव मोडणे आणि कर भरणे एवढेच काम असेल, तर तेवढेच लिहावे. अधिकाऱ्यालाही असा अर्ज मंजूर करणे सोपे जाते, आणि उरलेले हक्क त्या व्यक्तीकडेच राहतात. चौकशीच्या वेळी त्या व्यक्तीला भेटायचे म्हटले तर तिला नवे कपडे घालून, पढवून नेऊ नये. जशी रोज असते तशी दिसू द्यावी.

नेमणूक झाल्यावर पहिल्या आठवड्यात आदेशाच्या प्रमाणित प्रती काढून घ्याव्यात, बँकेत पालक म्हणून नोंद करावी आणि त्या व्यक्तीचा पैसा स्वतःच्या खात्यात एक दिवसही ठेवू नये. राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली नेमलेल्या पालकाने नेमणुकीपासून सहा महिन्यांत स्थावर-जंगम मिळकतीची, येण्यांची व देण्यांची यादी समितीला द्यावी लागते, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च सादर करावा लागतो. दुर्लक्ष किंवा अपहार सिद्ध झाल्यास पालकाला काढून टाकता येते. अन्य न्यायालयांचे आदेश वेगवेगळ्या मुदती घालतात, म्हणून आदेश स्वतः वाचावा आणि त्या तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहाव्यात.

हिशेबाविषयी मी थोडे सविस्तर लिहितो, कारण पालकत्वाचा खरा भार तेथेच आहे. काकूंनी दोनशे पानांची एक लांबट वही केली. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. त्यातली एक नोंद माझ्या डोळ्यांसमोर आहे: 'भाट, माड २८, नारळ ४१२, घरी ३०, विक्री ३८२, पाडेलीची मजुरी रोख.' त्याखाली पाडेलीची (नारळ पाडणाऱ्याची) सही आणि नारळ घेणाऱ्याच्या पावतीची चिकटवलेली प्रत. ज्या खर्चाला पावती मिळत नाही, उदाहरणार्थ रात्रपाळीला येणाऱ्या बाईंचा पगार, त्यासाठी काकूंनी दर महिन्याला साधी चिठ्ठी लिहून बाईंची सही घेतली. घरात राहिलेले तीस नारळसुद्धा लिहिलेले असल्यामुळे वर्षअखेरीस एका पुतण्याने शंका काढली तेव्हा काकूंना काही बोलावे लागले नाही. त्यांनी वही पुढे केली.

काही गोष्टी मात्र करूच नयेत. आदेशात स्पष्ट परवानगी नसताना जमीन विकू, गहाण ठेवू किंवा दीर्घ मुदतीने भाड्याने देऊ नये. आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी. त्या व्यक्तीची मिळकत स्वतः विकत घेऊ नये. तिच्या पैशातून कोणाला उसने देऊ नये, मग ते घरातले लग्न का असेना. तिच्या उत्पन्नाचे आयकर विवरणपत्र प्रतिनिधी म्हणून वेगळे भरावे आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला चुकवू नये.

याउलट, खर्च करण्यातही कंजूषी नको. पैसा त्या व्यक्तीचा आहे आणि तो तिच्या सुखासाठी आहे. काका वर्तमानपत्र वाचू शकत नव्हते, तरी रोज सकाळी ते हातात घेऊन बसत. वर्गणी चालू ठेवावी की नाही असा प्रश्न घरात निघाला, तेव्हा काकूंनी ती चालू ठेवली आणि वहीत तसे लिहिले. कोणत्याही हिशेबतपासनिसाला हा खर्च अनावश्यक वाटू शकेल. मला तो त्या वहीतला सर्वांत योग्य खर्च वाटतो. निर्णय घेण्यापूर्वी विचारावे, उत्तर न आले तर त्या माणसाने पूर्वी काय केले असते ते आठवावे, आणि मग सही करावी.

व्यक्ती बरी झाली तर पालकत्व रद्द करण्याचा अर्ज पालकाने स्वतःहून करावा. तिचे निधन झाले तर पालकाचा अधिकार त्याच दिवशी संपतो. त्यानंतर अंत्यविधीच्या खर्चासाठीसुद्धा त्या खात्यातून पालक म्हणून पैसे काढू नयेत. बँकेला व न्यायालयाला किंवा समितीला मृत्यूचा दाखला देऊन कळवावे, अखेरचा जमाखर्च सादर करावा, आणि वारसांचे काम विशेष नोटरीकडे (वारसांचा दस्त करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) किंवा इन्व्हेंटरीच्या (न्यायालयातून मिळकतीची यादी व वाटणी करण्याच्या) मार्गाने स्वतंत्रपणे चालू द्यावे. काकूंनी तेराव्यानंतर वही, पासबुके, उतारे आणि कपाटाच्या दोन किल्ल्या टेबलावर मांडल्या, प्रत्येक वस्तूची यादी केली आणि सर्व वारसांच्या पोचसह्या घेतल्या. त्या यादीत पहिली सही त्याच पुतण्याची आहे.