डिझेलच्या प्रयोगशाळेत नव्याने पाऊल ठेवताना

डिझेलमध्ये काय काय आहे याची पूर्ण यादी रोजच्या कामाच्या कुठल्याच प्रयोगशाळेत निघत नाही, हे आधी पक्कं समजून घ्या. साधारण १० ते २२ कार्बनचे हजारो हायड्रोकार्बन त्यात एकत्र असतात आणि बहुतेक सगळे १८० ते ३६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उकळतात. म्हणून आपण एकेक संयुग मोजत बसत नाही, कुळं मोजतो. पॅराफिन (सरळ किंवा फांदीदार साखळ्या) किती, नॅफ्थीन (संपृक्त कडी) किती, अॅरोमॅटिक (बेंझिनसारखी कडी) किती. शिवाय गंधक, पाणी आणि बायोडिझेल. यंत्र चालवणं थोड्या दिवसांत जमतं. वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी बोलतायत का, हे ओळखायला मात्र वेळ लागतो, आणि मला या कामाची ओढ लागली ती त्यामुळेच.

सुरुवात डिस्टिलेशनने, म्हणजे नमुना उकळून त्याची वाफ थंड करण्याने, करा, तीही शक्यतो हाताने चालवायच्या जुन्या उपकरणावर. एएसटीएम डी८६ या प्रमाणित पद्धतीत १०० मिली नमुना घेतात. थर्मामीटरचा फुगा फ्लास्कच्या मानेत बाजूच्या नळीपाशी नेमक्या उंचीवर हवा. किंचित वर-खाली झाला तरी तापमान चुकीचं मिळतं. कंडेन्सरच्या टोकावरून पहिला थेंब पडतो त्या क्षणाचं तापमान टिपायचं, मग मिनिटाला ४ ते ५ मिली हा वेग शेवटपर्यंत सांभाळायचा. कंडेन्सर फार थंड ठेवला तर जड भागातलं मेण नळीतच थिजतं. स्वयंचलित यंत्र हे सगळं आपोआप करतं, पण त्याचा आलेख मध्येच वाकडा का झाला हे कळायला एकदा तरी बर्नरपाशी उभं राहिलेलं बरं.

घनता सोपी वाटते, आणि म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होतं. तापमान एक अंशाने वाढलं की डिझेलची घनता घनमीटरमागे सुमारे ०.७ किलोने उतरते. अहवालात १५ अंशांची घनता द्यायची असते. ३० अंशांच्या खोलीत मोजलेला आकडा तसाच लिहिला, तर जवळपास १० किलोचा फरक पडतो.

गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वायूच्या प्रवाहात नमुन्याचे घटक वेगळे करायची पद्धत, मला सर्वांत जवळची. चांगल्या कॉलमवर (घटक वेगळे करणाऱ्या लांब नळीत) डिझेल सोडलं की सरळ साखळीच्या अल्केनची, म्हणजे पॅराफिनची, शिखरं आलेखावर कंगव्याच्या दातांसारखी एका ओळीत उभी राहतात आणि त्यांच्या खाली न सुटलेल्या मिश्रणाचा मोठा उंचवटा दिसतो. त्यात सतरा कार्बनचं शिखर शोधा. त्याला खेटूनच आणखी एक शिखर असतं, ते प्रिस्टेन या फांदीदार अल्केनचं. अठराच्या शेजारी तसंच फायटेन. या दोन जोड्या ओळखता आल्या की पुढची मोजदाद चुकत नाही. जिवाणू सरळ साखळ्या आधी खातात आणि या फांद्यांच्या रेणूंना उशिरा हात लावतात. त्यामुळे जुन्या, पाणी साचलेल्या टाकीतल्या नमुन्यात सतराचं शिखर शेजाऱ्यापेक्षा बुटकं दिसलं, तर मी सूक्ष्मजीवांचा संशय घेते.

अॅरोमॅटिकसाठी पुस्तकात एफआयए (फ्लुओरेसंट रंगाने थर ओळखायची) पद्धत वाचलेली असेल. ती ३१५ अंशांच्या आत उकळणाऱ्या इंधनांसाठी आहे, तेव्हा डिझेलला एचपीएलसीच (उच्च दाबाची द्रव क्रोमॅटोग्राफी) वापरा. हेप्टेन या द्रावकाबरोबर आधी संपृक्त हायड्रोकार्बन बाहेर येतात, मग एक कड्याचे, दोन कड्यांचे आणि शेवटी तीन किंवा जास्त कड्यांचे. युरोपच्या डिझेलसाठीच्या ईएन ५९० मानकात बहुचक्रीय (दोन किंवा जास्त कड्यांच्या) अॅरोमॅटिकची मर्यादा वजनाने ८ टक्के आहे. त्यात एक कड्याचे धरत नाहीत. नवखे हमखास सगळ्यांची बेरीज करतात.

गंधकाची मर्यादा त्याच मानकात किलोमागे फक्त १० मिलिग्रॅम आहे. इतक्या कमी पातळीला सिरिंजही शत्रू ठरते. जास्त गंधकाच्या नमुन्यांची सिरिंज आणि बाटल्या वेगळ्या ठेवा, आणि ब्लँक (गंधक नसलेल्या द्रावकाचा आकडा) स्थिर येईपर्यंत नमुना लावूच नका.

आता आकड्यांच्या बोलण्याबद्दल. घनता आणि डिस्टिलेशनची तीन तापमानं यांवरून सीटेन निर्देशांक, म्हणजे इंधन किती सहज पेटतं याचा अंदाज, गणिताने काढता येतो. इंजिनवर मोजलेला सीटेन क्रमांक त्याच्यापेक्षा बराच जास्त आला, तर इंधनात नायट्रेट वर्गातलं सीटेनवर्धक घातलेलं असू शकतं, कारण गणिताला ते दिसत नाही. तसं असेल तर लगेच गंधकाच्या आकड्याकडे वळा. यूव्ही फ्लुओरेसन्समध्ये (अतिनील प्रकाशातल्या चमकेवरून गंधक मोजायच्या पद्धतीत) नमुना १००० अंशांच्या वर जाळतात, आणि या वर्धकातल्या नायट्रोजनपासून बनलेला नायट्रिक ऑक्साइडही थोडा चमकून गंधक वाढवून दाखवू शकतो. मर्यादेच्या काठावरचा नमुना नेमका यानेच नापास ठरतो.

मग क्ष-किरण फ्लुओरेसन्सवर (क्ष-किरणांनी गंधक मोजायच्या पद्धतीवर) पडताळा घ्यायचा, पण त्याआधी इन्फ्रारेड वर्णपटात १७४५ प्रति सेंमीच्या आसपासचा, बायोडिझेलची खूण असलेला एस्टरचा पट्टा बघून घ्या. बायोडिझेल मिसळलेलं असेल तर त्यातला ऑक्सिजन गंधकाचे किरण शोषतो आणि आकडा उलट कमी येतो. अशा वेळी तेवढंच बायोडिझेल असलेल्या, गंधक माहीत असलेल्या मानक नमुन्यांवर कॅलिब्रेशन करा, दोन्ही पद्धतींचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा आणि नमुन्याची राखून ठेवलेली बाटली निकालावर सही होईपर्यंत फेकू नका.