ऑयलर्सच्या पाच कपांवर लेख लिहायचा असेल तर

कॅनडातल्या एडमंटन ऑयलर्स या आइस हॉकी संघाने 1984, 1985, 1987, 1988 आणि 1990 मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल लीगचं विजेतेपद, जिंकला. दिवाळी अंकासाठी यावर लिहिताना बरेच जण 1984 पासून सुरू करतात आणि 9 ऑगस्ट 1988 ला संघाचा सर्वांत मोठा खेळाडू वेन ग्रेट्स्की लॉस एंजेलिस किंग्ज या संघाकडे गेला तिथे थांबतात. मग गोष्ट एका खेळाडूची होते, संघ मागे पडतो. सुरुवात 1983 च्या अंतिम फेरीतल्या पराभवापासून करा आणि शेवट 1990 वर.

आधी तक्ता मांडा: हंगाम, शेवटचा प्रतिस्पर्धी, निकाल, गोलरक्षक, प्रशिक्षक, कर्णधार. कप न मिळालेल्या 1983, 1986 आणि 1989 लाही पूर्ण ओळ द्या. 1983-84 हंगामाचा कप 1984 चा. रणजीच्या हंगामासारखी दोन्ही वर्षं लिहिली की घोळ टळतो. तारीख सामना झाला तिथलीच ठेवा. मे महिन्यात एडमंटन मुंबईच्या साडेअकरा तास मागे असतं, त्यामुळे तिथली रात्र म्हणजे आपली दुसऱ्या दिवसाची सकाळ.

चर्चगेटच्या मैदानावर हॉकी पाहिलेल्या वाचकाला ‘पॉइंट’ समजावून सांगा. खेळाडूचे पॉइंट म्हणजे गोल अधिक असिस्ट (गोल होण्याआधी दिलेला पास), आणि एका गोलमागे दोघांपर्यंत असिस्ट मिळतो. 1985-86 मध्ये ग्रेट्स्कीचे 215 पॉइंट होते: 52 गोल, 163 असिस्ट. हे न फोडता छापलं तर वाचक 215 गोल समजून बसतो.

1988 ची ओळ लिहिताना हमखास चूक होते. 24 मे रोजी बोस्टनमध्ये, बोस्टन ब्रुइन्सविरुद्धच्या अंतिम फेरीत, स्कोअर 3-3 असताना वीज गेली आणि चौथा सामना थांबवावा लागला. तो एडमंटनला नव्याने खेळला गेला आणि मालिका 4-0 अशी संपली. मात्र अपुऱ्या सामन्यातले गोल-असिस्ट खेळाडूंच्या खात्यात राहिले. म्हणून त्या प्ले-ऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) संघाचे 16 विजय, 2 पराभव, आणि ग्रेट्स्कीचे सामने 19. ही बेरीज ‘दुरुस्त’ करू नका.

1986 ला मोकळी जागा द्या. दीड हजार शब्दांच्या लेखात तीनशे तरी. 30 एप्रिलला कॅलगरी फ्लेम्सविरुद्ध सातव्या सामन्यात 2-2 अशी बरोबरी असताना स्टीव्ह स्मिथने आपल्याच गोलमागून दिलेला पास गोलरक्षक ग्रँट फ्यूरच्या पायाला लागून आत गेला. सगळं खापर स्मिथवर फोडणारे एक सांगायचं विसरतात: तेव्हा जवळपास पंधरा मिनिटांचा खेळ बाकी होता आणि इतकं घणाघाती आक्रमण असलेल्या संघाला एक गोल काढता आला नाही. पुढच्या वर्षी अंतिम फेरीत फिलाडेल्फियाला 4-3 ने हरवल्यावर ग्रेट्स्कीने कप सर्वांत आधी स्मिथच्याच हाती दिला. हे दोन प्रसंग लागोपाठ लिहा.

1990 साठी खेळाडूंच्या अदलाबदलीची साखळी मांडा, नाहीतर तो विजय आकाशातून पडल्यासारखा वाटतो. ग्रेट्स्कीच्या बदल्यात पैसे आणि ड्राफ्टमधल्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या) निवडींबरोबर जिमी कार्सन आणि मार्टिन जेलिना आले. नोव्हेंबर 1989 मध्ये कार्सनला डेट्रॉइटला देऊन पेत्र क्लिमा, अ‍ॅडम ग्रेव्ह्ज, जो मर्फी मिळाले. ग्रेव्ह्ज, जेलिना आणि मर्फी या तरुणांची लाइन (एकत्र खेळणारं आक्रमकांचं त्रिकूट) प्ले-ऑफमध्ये चमकली, तर बोस्टनविरुद्धच्या अंतिम फेरीचा पहिला सामना तिसऱ्या जादा वेळेत क्लिमाने संपवला. गोलरक्षक बिल रॅनफर्ड 1988 मध्ये अँडी मोगच्या बदल्यात बोस्टनहूनच आला होता. अंतिम फेरीत समोरच्या गोलमध्ये मोग होता. प्ले-ऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ पुरस्कार रॅनफर्डला मिळाला.

पाचही कप जिंकणारे सात जण चौकटीत द्या: मार्क मेसिये, यारी कुर्री, ग्लेन अँडरसन, केविन लोव, ग्रँट फ्यूर, चार्ली हडी, रँडी ग्रेग. कुर्री फिनलंडचा, तेव्हा छापताना ‘जारी’ होऊ देऊ नका.