टीएसएच खाली दिसलं की लगेच गोळी? या चुका टाळा

रिपोर्टवर टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला काम करायला सांगणारं हार्मोन) ०.०१ आलं की त्याच दिवशी कार्बिमाझोल (थायरॉइडचं हार्मोन कमी करणारी गोळी) सुरू, ही घाई सर्वांत महागात पडते. टीएसएच तळाला आणि टी३-टी४ (थायरॉइडची स्वतःची हार्मोन्स) चढलेलं, यावरून रक्तात हार्मोन जास्त आहे एवढंच कळतं. ग्रंथी ते जास्त बनवते आहे की सुजून आतला साठा बाहेर सोडते आहे, हे कळत नाही. कार्बिमाझोल नवं हार्मोन बनणं रोखतं. बाहेर पडलेल्या साठ्यावर तिचा काहीच उपयोग नाही.

बाळंतिणींना याचा फटका बसताना पुन्हा पुन्हा दिसतो. बाळ तीन-चार महिन्यांचं. आईचं वजन झपाट्याने उतरतंय, छातीत धडधड, हात थरथरतात, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही. घरचे म्हणतात, बाळंतपणाचा अशक्तपणा आहे, डिंकाचे लाडू खा. मग कुणीतरी रक्त तपासतं आणि कार्बिमाझोल लिहून मिळते. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच ४० वर (म्हणजे हार्मोन आता कमी), अंग जड, दिवसभर ग्लानी. आता थायरॉक्सिन (टी४ची गोळी), तेही ‘जन्मभर’ म्हणून. मूळ आजार असतो प्रसूतीनंतरचा थायरॉइडायटिस (थायरॉइडची सूज): आधी काही आठवडे हार्मोन जास्त, मग काही महिने कमी, आणि बहुतेकींची ग्रंथी वर्षभरात पूर्ववत. धडधडीपुरतं प्रोप्रानोलॉल (दमा असेल तर नाही) आणि दर ४ ते ६ आठवड्यांनी तपासणी, एवढ्यावर बहुधा भागतं. धीर धरवत नाही, म्हणून दोन-दोन औषधं पोटात जातात.

म्हणून गोळीआधी कारण शोधा. त्रास तीन महिन्यांहून जुना, ग्रंथी सगळीकडून सारखी मोठी, डोळे पुढे आलेले, टीआरएबी (थायरॉइडला भडकवणाऱ्या अँटिबॉडीची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह, तर ग्रेव्ह्ज, म्हणजे या अँटिबॉडीमुळे ग्रंथी जास्त हार्मोन बनवते तो आजार. शंका उरली तर टेक्नेशियम स्कॅन (थोडं किरणोत्सारी द्रव्य देऊन काढलेलं ग्रंथीचं चित्र): ग्रेव्ह्जमध्ये पूर्ण ग्रंथी उजळते, एकच ‘विषारी’ (जास्त हार्मोन बनवणारी) गाठ असेल तर तेवढीच, जुन्या अनेक गाठींच्या गलगंडात ठिकठिकाणी, आणि थायरॉइडायटिसमध्ये जवळजवळ काहीच नाही. अंगावर पाजणाऱ्या आईसाठी आधी टीआरएबीच बघावी. स्कॅनसाठी दूध काही काळ थांबवावं लागतं. सर्दी-तापानंतर गळ्याचा पुढचा भाग दुखतोय, कळ कानापर्यंत जातेय, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) वाढलाय, तर ती विषाणूनंतरची सूज. तिला वेदनाशामक लागतं, क्वचित स्टेरॉइड.

केसांसाठी बायोटिन घेताय? ५ ते १० मिलिग्रॅमच्या गोळ्या अनेक लॅबच्या तपासणीत घोळ घालतात. टीएसएच खोटं खाली, टी४ खोटं वर, काही पद्धतींत टीआरएबीसुद्धा खोटी पॉझिटिव्ह. म्हणजे निरोगी माणसाचा रिपोर्ट हुबेहूब ग्रेव्ह्जचा! तपासणीआधी किमान दोन दिवस ती बंद हवी. आम्ही आठवडाभर बंद ठेवायला सांगतो. लक्षणं काहीच नाहीत आणि रिपोर्ट भयंकर, असं झालं तर पहिला प्रश्न हाच विचारा.

सत्तरीच्या माणसात हार्मोन जास्त असलं तरी थरथर, घाबरेपणा शोधत बसू नका. तिथे बऱ्याचदा फक्त वजन घटतं, भूक मरते, नाडी अनियमित होते.

शेजारणीची ‘थायरॉइडची गोळी’ वजन उतरवायला घेऊ नका. ती बहुधा थायरॉक्सिन असते, आणि जास्त झाली की हार्मोन वाढण्याचा हाच त्रास ओढवून घेता.

उपचार सुरू झाल्यावर टी४ ताळ्यावर आलं तरी टीएसएच काही महिने दबलेलं राहू शकतं. तेवढ्यावरून डोस वाढवला की माणूस उलट्या टोकाला जातो. बरं वाटलं म्हणून दोन महिन्यांत गोळी सोडणंही तितकंच वाईट. ग्रेव्ह्जला साधारण १२ ते १८ महिने लागतात. डोळ्यांवर परिणाम असेल तर सिगारेट आजच बंद. दिवस राहण्याचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांना सांगा, कारण पहिल्या तिमाहीत कार्बिमाझोल टाळतात.

आणि कार्बिमाझोल चालू असताना ताप आला, घसा दुखला किंवा तोंड आलं, तर केमिस्टकडून अँटिबायोटिक आणून बघू नका. गोळी थांबवा आणि त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा, न्यूट्रोफिलच्या (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) आकड्यासह. पांढऱ्या पेशी कोसळण्याचा धोका क्वचितच, पण जीवघेणा. बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत. रिपोर्ट डॉक्टरांनी पाहेपर्यंत पुढची गोळी घेऊ नका.