नवं वाफेचं इंजिन बांधताय? या चुका टाळा

वारसा रेल्वेसाठी वाफेचं इंजिन नव्याने बांधायचं ठरलं की पहिल्या बैठकीत हिरवा रंग नेमका कुठला, नावाची पाटी कशी, शिट्टी कुठल्या सुराची यावर तासन्‌तास चर्चा चालते. ही हौस मला मनापासून आवडते. तिच्याशिवाय इतकी वर्षं लागणारं काम तडीला जात नाही. पण काम अडतं, पैसे वाया जातात ते वेगळ्याच कारणाने: जुन्या कारखान्यातलं निम्मं ज्ञान कागदावर कधी उतरलंच नव्हतं, आणि आपण मात्र कागदालाच इंजिन समजून बसतो.

ड्रॉइंगवर आंधळा विश्वास

जुन्या ड्रॉइंगवर माप असतं, पण ते किती कमीजास्त चालेल हे बहुतेक वेळा नसतं. त्याची गरजच नव्हती. एक भाग तयार झाला की दुसरा त्याच्यावर ठेवून फिटर खुणा करायचा, कानस मारायचा, पुन्हा लावून बघायचा. आज आपण दोन्ही भाग वेगवेगळ्या ठिकाणी, संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, अगदी लिहिलेल्या मापाने कापून आणतो आणि ते एकमेकांत बसत नाहीत. शिवाय कारखान्यात ऐनवेळी केलेले बदल ड्रॉइंगवर चढलेच असतील याची खात्री नसते. म्हणून धातू कापण्याआधी सगळे भाग संगणकावर त्रिमितीत जुळवून पाहा. त्याच घराण्यातलं एखादं इंजिन शिल्लक असेल तर टेप घेऊन त्याच्या खाली शिरा.

ब्रिटनमध्ये नव्याने बांधलेल्या 'टॉर्नेडो' या इंजिनाची गोष्ट इथे उपयोगाची आहे. पेपरकॉर्न नावाच्या अभियंत्याच्या ए१ वर्गाची सगळी ४९ इंजिनं भंगारात गेली होती. १९९० मध्ये नवं बांधायचा प्रकल्प सुरू झाला, यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातली मूळ ड्रॉइंग मिळाली आणि २००८ मध्ये इंजिन डार्लिंग्टनला वाफेवर चाललं. त्याला क्रमांक दिला ६०१६३, म्हणजे शेवटच्या ए१च्या पुढचा. बांधणाऱ्यांच्या लेखी ते त्या वर्गातलं पन्नासावं इंजिन होतं, आणि त्यामुळेच त्यांना बदल करायला संकोच वाटला नाही. आजच्या मार्गांवर बसावं म्हणून उंची थोडी कमी केली. वाटेत पाणी भरायची जुनी सोय उरली नाही म्हणून टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, कोळशाची जागा घटवून पाण्याची वाढवली. नीलगिरीच्या डोंगरी रेल्वेवरच्या एक्स वर्गाच्या इंजिनांचंही असंच आहे: गोल्डन रॉक कारखान्यात नव्याने बांधलेल्या इंजिनांत तेलावर चालणारीही आहेत.

मूळ इंजिनाचे दोष जसेच्या तसे उतरवणं ही याचीच दुसरी बाजू. १९३४ पासून आलेल्या पी२ वर्गाच्या सहा इंजिनांना क्रँक ऍक्सलच्या, म्हणजे मधल्या सिलिंडरचा जोर घेणाऱ्या वाकड्या आसाच्या, दुखण्याने सतावलं होतं. त्याच वर्गातलं नवं 'प्रिन्स ऑफ वेल्स' बांधताना हा ऍक्सल आणि पुढची छोटी चाकं धरणारी चौकट, दोन्हींचा नव्याने विचार करावा लागला. तेव्हा मूळ इंजिन कशासाठी वारंवार दुरुस्तीला जात होतं, हा प्रश्न अगदी सुरुवातीलाच विचारा.

बॉयलर शेवटी बघू

ही सर्वांत महागडी चूक. फ्रेम कापायला सोपी, फोटोत छान दिसते, देणगीदार खूश होतात. म्हणून फ्रेम आधी आणि बॉयलर 'पुढे बघू'. प्रत्यक्षात सर्वाधिक पैसा, सर्वाधिक कागदपत्रं आणि सर्वाधिक थांबणं बॉयलरपाशीच असतं. तपासणी करणारी संस्था कोण, ती कुठला नियमसंच मानते, वेल्डरची पात्रता कशी ठरणार, हे डिझाइनच्या आधी लेखी घ्या. एवढा मोठा बॉयलर बांधू शकणारे कारखानेही मोजकेच. टॉर्नेडोचा बॉयलर जर्मनीत माइनिंगेनला बांधावा लागला आणि पहिल्या काही वर्षांतच दुरुस्तीसाठी पुन्हा तिथे न्यावा लागला. इतकी काळजी घेऊनही हे होतं, म्हणून दुरुस्तीचा पैसा पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवा.

एक बारीक गोष्ट सांगतो. बॉयलरच्या पत्र्यावर कारखान्याचा ठसा असतो, त्यावरून तो वितळलेल्या पोलादाच्या कुठल्या घाण्यातला, त्याचं प्रमाणपत्र कुठलं हे कळतं. पत्रा कापताना ठशाचा कोपरा उरलेल्या तुकड्यात गेला आणि कापण्याआधी तो ठसा तपासनिसासमोर दुसरीकडे उतरवला नसेल, तर हातात राहतो तो बेवारस पत्रा. पोलाद तेच, पण ते सिद्ध करता येत नाही. असा पत्रा बॉयलरला चालत नाही.

दुसरी गोष्ट तापल्यावर वाढण्याची. सात मीटरचा बॉयलर थंड असताना आणि २०० अंशांपर्यंत तापल्यावर यांच्या लांबीत साधारण १५ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणूनच तो पुढे स्मोकबॉक्सकडे, म्हणजे धूर जमतो त्या टोकाला, पक्का असतो आणि मागे फायरबॉक्सकडे, म्हणजे आग पेटते त्या टोकाला, सरकायला मोकळा. उत्साहात कोणी मागचे बोल्टही करकचून आवळतं, किंवा मागचे पाइप वळण न देता सरळ ताणून बसवतं. थंड पाण्याच्या दाबचाचणीत यातलं काहीच दिसत नाही. पहिल्यांदा आग पेटली की जोड रडायला लागतात.

ओतकाम आणि चाकं

ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, ओतीव पोलाद जवळजवळ दोन टक्के. लोखंडासाठी केलेला जुना पॅटर्न, म्हणजे साचा बनवायचा नमुना, हाती लागला आणि त्याच्यावर पोलाद ओतलं, तर दोन मीटरच्या चाकात २० मिलिमीटरची तूट येते. मशीनिंगसाठी सोडलेली जागाही ती भरून काढत नाही.

चाकावरची पोलादी धाव, म्हणजे टायर, आतून चाकापेक्षा हजारात एक भाग लहान ठेवतात: दोन मीटरला दोन मिलिमीटर. धाव २०० अंशांनी तापवली की जवळपास पाच मिलिमीटर फुलते आणि चाक अलगद आत उतरतं. धाव सगळीकडून सारखी तापवा. एकाच जागी ज्योत धरली तर ती अंडाकृती होते आणि चाक अर्ध्यात अडकतं. मग पुढेही नेता येत नाही, मागेही घेता येत नाही.

दोन सिलिंडरच्या इंजिनात डाव्या-उजव्या क्रँकपिनमध्ये, म्हणजे दांडे जोडायच्या चाकावरच्या खुंट्यांमध्ये, ९० अंश असतात. नवखे लोक तो कोन अचूक ९० यावा म्हणून झटतात. तो किंचित चुकला तरी चालतं, फक्त सगळ्या ऍक्सलवर सारखाच चुकायला हवा. एक ऍक्सल वेगळा निघाला की चाकं एकमेकांना जोडणारे जोडदांडे प्रत्येक फेऱ्याला आखडतात आणि बेअरिंग तापतात.

पहिली आग पेटल्यावर

घाई करू नका. नव्या बॉयलरला हळूहळू, तासन्‌तास तापू द्या. पोलादी फायरबॉक्स तांब्याइतका सोशिक नसतो.

चिमणीतून येणारे फुसकारे असमान ऐकू आले तर सिलिंडरमध्ये वाफ सोडणाऱ्या व्हॉल्व्हची जुळणी तपासा. ती थंड इंजिनावर केली असेल तर दांडा तापून लांबल्याचा हिशेब धरलेला नसतो. बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर पाणी उचलत नसेल तर आधी टाकीतलं पाणी कोमट झालंय का आणि ओढण्याच्या पाइपात कुठून हवा शिरतेय का ते बघा, मग आतले शंकू उघडा. सिलिंडरमध्ये वाफेबरोबर पाणी येत असेल तर बॉयलरमधली पातळी उतरवा. नव्या बॉयलरमध्ये बांधणीचं तेल उरलेलं असतं, त्याने पाणी फेसाळतं. एक-दोनदा धुवून काढावं लागतं. ऍक्सलबॉक्स, म्हणजे आसाचं बेअरिंग धरणारी पेटी, तापला तर त्यावर गार पाणी ओतू नका. थांबा, निवू द्या, तेलाची वात तपासा.

आणि फायरबॉक्सच्या बाहेरच्या पत्र्यावर एखाद्या स्टेच्या, म्हणजे आतला-बाहेरचा पत्रा बांधून ठेवणाऱ्या खिळीच्या, मधल्या बारीक भोकातून पाण्याचा थेंब दिसला, तर त्यात खिळा ठोकून ते बंद करायचा मोह आवरा. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतला स्टे तुटलाय हे सांगायला त्याच्याकडे तेवढा एकच थेंब असतो. त्या स्टेभोवती खडूने गोल करा, आग उतरवा, बॉयलर पूर्ण निवू द्या आणि शेजारच्या सगळ्या स्टेंवर हातोडीने टकटक करून आवाज ऐका.