नॉर्थ कॅरोलायनात कम्युनिटी कॉलेजमार्गे पदवी घेताना

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात ५८ सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजे आहेत आणि त्यांतील बरीचशी मोठ्या शहरांपासून दूर, पश्चिमेच्या डोंगराळ भागात किंवा पूर्वेच्या किनारपट्टीवर आहेत. तेथे दोन वर्षे शिकून राज्याच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला दाखल होता येते. राजधानी रॅलेजवळच्या कॅरी-मॉरिसव्हिल या शहरी परिसरातील मराठी कुटुंबांनीही हा मार्ग दुय्यम मानू नये, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात मात्र शेवटाकडून करावी. आधी विद्यापीठ आणि विषय निश्चित करावा, त्या विद्यापीठाने कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी प्रसिद्ध केलेला पदवी-आराखडा पाहावा आणि त्यानुसारच पहिल्या सत्राचे विषय निवडावेत.

त्यानंतरचा निर्णय सर्वांत महत्त्वाचा आहे. 'असोसिएट इन आर्ट्स' आणि 'असोसिएट इन सायन्स' या साधारण ६० क्रेडिटच्या (क्रेडिट म्हणजे अभ्यासक्रम मोजण्याचे एकक), दोन वर्षांच्या पदव्यांना कॉलेजे व विद्यापीठे यांच्यातील राज्यव्यापी कराराचे संरक्षण आहे. 'असोसिएट इन अप्लाइड सायन्स' ही पदवी मुख्यतः थेट नोकरीसाठी आखलेली असून या करारात बसत नाही. नावे इतकी सारखी आहेत की प्रवेश अर्जावर पदवीचे पूर्ण नाव वाचल्याशिवाय सही करू नये. अभियांत्रिकीसाठी वेगळी पदवी आणि वेगळा करार आहे. 'एसीए १२२' हा विद्यापीठ-प्रवेशाच्या तयारीचा छोटा विषय शक्यतो सुरुवातीलाच घ्यावा, कारण पुढचा आराखडा त्यातच तयार होतो.

कराराखालील प्रत्येक विषयात किमान 'सी' श्रेणी लागते. पदवी पूर्ण करणाऱ्याला राज्याच्या १६ विद्यापीठांपैकी एका ठिकाणी प्रवेशाची हमी मिळते. हव्या त्याच विद्यापीठाची किंवा विषयशाखेची हमी त्यात नसते. म्हणून चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठासारख्या चुरशीच्या ठिकाणी अर्ज करणाऱ्याने चांगले गुण राखावेत आणि सोबत दुसरे विद्यापीठही निवडून ठेवावे.

खर्चाच्या दृष्टीने लहान भागांतील विद्यार्थ्यांची स्थिती विशेष चांगली आहे. राज्यातील रहिवाशांसाठी कॉलेजची शिकवणी फी अलीकडच्या वर्षांत प्रति क्रेडिट ७६ डॉलर आहे, तर 'एनसी प्रॉमिस' या राज्याच्या कमी फीच्या योजनेतील विद्यापीठांत ती एका सत्राला ५०० डॉलर आहे. सिल्वाच्या साउथवेस्टर्न कम्युनिटी कॉलेजजवळ वेस्टर्न कॅरोलायना विद्यापीठ आहे. कॉलेज ऑफ द अल्बेमार्लच्या एलिझाबेथ सिटीतच तेथील राज्य विद्यापीठ आहे. आणि ही दोन्ही विद्यापीठे या योजनेत आहेत. अशा जोडीतून चार वर्षांची शिकवणी फी सुमारे ६,५६० डॉलर होते. पुस्तके, इतर शुल्क आणि राहण्याचा खर्च अर्थातच वेगळा.

हा दर रहिवासी ठरल्यावरच लागू होतो, आणि ती पडताळणी राज्याची स्वतंत्र ऑनलाइन यंत्रणा करते. प्रवेश अर्जापूर्वीच ती पूर्ण करून मिळालेला क्रमांक जपून ठेवावा. व्हिसावर असलेल्या कुटुंबांनी कागदपत्रांसाठी अधिक वेळ हाताशी ठेवावा.